एका नंबराने मोठा पाना

शाळा,
ता. ४ जानेवारी

गृहमंत्र्यांच्या सेवेशी,

पोचलो. दोन बस, एक होडी आणि शेवटी टेम्पोत सिमेंटच्या पोत्यांवर बसून आलो. उतरल्यावर हाडं मोजली, सगळी जागच्या जागी आहेत.

फोनची वाट बघू नकोस. इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, सगळ्यात वरच्या पायरीवर मिळते, आणि आमच्या निवृत्त कारागिरांच्या मंडळाच्या नियमावलीप्रमाणे साठीच्या पुढच्या स्वयंसेवकाने शिडी चढायची नाही. म्हणजे आमच्यापैकी कोणीच नाही. दर शनिवारी टेम्पो सकाळी शहरात जातो आणि संध्याकाळी परत येतो, तोच टपाल नेतो-आणतो. लग्न ठरल्यावरसुद्धा मी तुला पत्र लिहिलं नव्हतं. आता बघ कशी पाळी आली.

मंडळ इथे दर वर्षी तिघांना पाठवतं, यंदा आम्ही. मी, एक प्लंबर आणि एक रंगारी. प्लंबर स्वतःला इंजिनियर म्हणवतो. रंगारी काहीच म्हणत नाही, त्यामुळे मला आवडतो. एका रिकाम्या वर्गात आमच्या खाटा टाकल्यात, समोर फळा आहे, आणि रोज सकाळी उठल्यावर पाढे म्हणावेत की काय असं वाटतं.

शाळेबद्दल काय सांगू? पाच खोल्या, वर पत्रे, मध्ये पटांगण, पटांगणात हापसा. एवढी मोडकी शाळा मी जन्मात पाहिली नाही. दुसरीच्या वर्गाचं दार एका बिजागरीवर लोंबतंय. बाकाचा एक पाय हलतो, खिडकीची कडी लागत नाही, घंटेचा लोलक नुसताच लटकतो. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिका, यांनी आल्या आल्या मला बिघाडांची यादी दिली. चोवीस बिघाड, ओळीने नंबर घातलेले, सुवाच्य अक्षरात. लोकांना याद्या करता येतात, पाना धरता येत नाही.

शाळेला एक शिपाई आहे. पन्नाशीचा, बारीक, पायात वहाणा नाहीत. मी मनातल्या मनात त्याचं नाव गोगलगाय ठेवलंय. तेराचा पाना माग, चौदाचा देतो. अकराचा माग, बाराचा देतो. मी काही बोलत नाही, नुसता एक सुस्कारा सोडतो. तुला माहीतच आहे तो सुस्कारा.

वरच्या वर्गातली सात पोरं-पोरी आम्ही काम करताना मागे उभी असतात. बाई म्हणाल्या, त्यांना जवळ असू द्या. असू देतो, पण हात लावू देत नाही. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, हत्यार म्हणजे खेळणं नाही एवढं मला कळतं.

दोन महिन्यांत शाळा अशी करून ठेवतो की पुढची पन्नास वर्षं इथे कोणाला यायला नको. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तर बादली ठेव, मी येऊन बघतो.

तुझा,
पोत्यांवरून आलेला

*

घर,
ता. ९ जानेवारी

फिटरसाहेब,

पत्र मिळालं. अक्षर तसंच आहे, औषधाच्या चिठ्ठीसारखं. समोरच्या काकूंकडून चष्मा आणून वाचलं.

घर शांत आहे. तुम्ही उंचीप्रमाणे लावून नंबर घातलेले माझे डबे मी पुन्हा माझ्या पद्धतीने लावले. परवा चहात साखर घालायला यादी बघावी लागली नाही, इतका आनंद झाला की दोन कप प्याले.

नळ गळत नाही. तुम्ही गेल्यापासून घरातलं काहीच बिघडलेलं नाही. पंख्याचा आवाज नाही, इस्त्री चालते, कपाटाचं दार लागतं. योगायोगच म्हणायचा.

एक विचारते. ती सात मुलं नुसतीच उभी असतात? माझ्या बाळंतपणात तुम्ही डॉक्टरीणबाईंना बाहेरून सूचना देत होतात. आणि दुसऱ्यांनी मात्र हाताची घडी घालून तुमच्याकडे बघत राहायचं?

स्वेटर पेटीत तळाशी आहे. सापडला नाही म्हणू नका.

तुमची,
दोन कपवाली

*

शाळा,
ता. १८ जानेवारी

माझ्या डब्यांची वाट लावणारणीस,

स्वेटर सापडला. प्लंबरने बघितला आणि मागितला. दिला नाही.

चोवीसपैकी पंधरा बिघाड उडवले. इथे माझ्या नावाचा डंका वाजतोय, म्हणजे प्लंबर सोडून सगळीकडे. पहिले पाच तर हातचा मळ होते. सैल स्क्रू, निसटलेली कडी, असलं काहीतरी. पुढे मात्र एकेक चढत्या भाजणीने अवघड निघालं. अकराव्या नंबराच्या खिडकीने मला सबंध दिवस घाम फोडला. वरून दिसत होती बिजागरी वाकडी, पण खरी भानगड चौकटीतल्या एका पाचरीत होती. असा बनेल बिघाड मी कारखान्यातही बघितला नव्हता. जणू कोणीतरी बसून विचार करून केलाय.

इथल्या लोकांचा बावळटपणा सांगतो. दुसरीच्या दाराची बिजागरी निखळलेली, आणि तिच्यावर तेल मात्र ताजं! अरे, दार पडलंय तर आधी स्क्रू लावा, तेल कसलं घालताय? आणि निघालेले स्क्रू कुठे होते म्हणशील? खिडकीत, कागदात गुंडाळून, वर नंबर लिहून ठेवलेले. हरवले नाहीत हे नशीब.

गोगलगायीत सुधारणा नाही. अजून दर वेळी एक नंबर मोठाच पाना देतो. परवा वैतागून मी स्वतः उठलो, तर म्हणतो कसा, "साहेब, तुम्ही बसा, ही देईल." आणि त्या सातांमधली एक चष्मेवाली पोरगी पुढे आली, पेटीत हात घातला आणि बरोबर तेराचा काढून दिला. न बघता. योगायोगाने लागला हाताला. मी म्हटलं, शाब्बास, आता मागे उभी राहा.

मोठ्या बाई रोज संध्याकाळी विचारतात, "मुलांना काही करायला दिलंत का?" मी सांगतो, "काळजी करू नका, मी आहे ना, सगळं मीच करतो." मग त्या हसतात. बाई चांगल्या आहेत पण हसणं जरा थकल्यासारखं वाटतं. शाळेचा व्याप फार असणार.

राहता राहिला हापसा. यादीत शेवटचा, चोविसावा. बाईंनी त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, 'शेवटच्या आठवड्यासाठी ठेवावा.' कशाला ठेवावा? पाणी रोज लागतं. सध्या पोरं नदीवरून कळश्या आणतात. मी त्याच्याकडे आधीच बघणार आहे.

तुझा,
घामाघूम

*

घर,
ता. २३ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा काकूंना, आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन.

एका नंबराने मोठा पाना. दर वेळी. चुकणारा माणूस कधी मोठा देईल, कधी लहान देईल, कधी हातोडीसुद्धा देईल. दर वेळी नेमकं एकानेच चुकायला पाने नीट ओळखता यावे लागतात.

मी जास्त काही लिहीत नाही. पण त्या शिपायांना माझा नमस्कार सांगा. आणि हापशाला शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका. बाईंनी लिहिलंय ना, मग का लिहिलंय ते आधी त्यांना विचारा. विचारण्यात फिटरची इभ्रत जात नाही.

नळ अजून गळत नाही.

तुमची,
पेन्सिलवाली

*

शाळा,
ता. १ फेब्रुवारी

विजयी फिटरकडून बायकोस,

हापसा झाला!

आता तू म्हणशील, नको म्हटलं होतं. पण तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी आलं, आणि हापसा मी शनिवारी दुपारीच उघडला होता. आतला चामड्याचा वॉशर पार चिंधी झाला होता. नवा घातला. पण खरी मेख वेगळीच होती. वरच्या झाकणाचे चार बोल्ट हाताने फिरतील इतके सैल. कितीही आवळा, हापशाला रोज एवढे हिसके बसणार म्हटल्यावर पुन्हा सैल होणार. म्हणून मी कारखान्यातला ठेवणीतला डाव काढला. नट आवळले, बाहेर उरलेली बोल्टांची टोकं हातोडीने ठोकून फुलवली आणि पार बसवून टाकली. चारही. आता ते झाकण माझ्या बापालाही उघडायचं नाही. हापसा जाईल, झाकण राहील.

बुधवारी सगळ्या शाळेला पटांगणात बोलावून मी हापसा मारून दाखवला. पाणी असं आलं की रंगाऱ्याने तोंड उघडलं आणि चक्क "वा" म्हणाला.

पण बाकीच्यांचं काय झालं कोण जाणे. कोणी टाळी वाजवली नाही. मोठ्या बाई चारही बोल्टांवरून बोट फिरवून आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "फारच पक्कं केलंत." मी म्हटलं, "जन्मात हलणार नाही." त्या म्हणाल्या, "दिसतंय." गोगलगायीचा चेहरा मला पहिल्यांदाच पडलेला दिसला. ती चष्मेवाली तर उठून सरळ वर्गात निघून गेली.

एवढं पाणी काढून दिलं, आणि वर घरात कोणी गेल्यासारखी तोंडं. तूच सांग, मी काय चुकलो?

तुझा,
हापसेवाला

*

घर,
ता. ६ फेब्रुवारी

अहो, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी बसा. बसलात? हातातली हातोडी खाली ठेवा.

तुमच्या शाळेतलं काहीही आपोआप मोडलेलं नाही. तो शिपाई एकेक गोष्ट सैल करून ठेवतो. ताजं तेल त्याने घातलं. स्क्रू नंबर घालून त्याने जपले. अकराव्या खिडकीतली पाचरही त्याचीच. हे सगळं मला तुमच्या दुसऱ्या पत्रातच कळलं, कारण मी गेली तीन वर्षं हेच करते आहे.

हो. स्वयंपाकघरातला नळ मी सैल करत होते. पंख्याचा स्क्रू मी. इस्त्रीची वायर मी. कपाटाचं दार चार वेळा, चारही वेळा मी. दर मंगळवारी एक. सुरुवात सुरीच्या टोकाने केली, मग एक लहान स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन पाने आणले. ते माझ्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली आहेत. तो एकच डबा तुम्ही कधी उघडला नव्हतात.

का केलं ते ऐका. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही माझे डबे लावलेत. चौथ्या दिवशी मला पोळी लाटताना कोपर किती वर धरावं ते दाखवलंत. पाचव्या दिवशी तुम्ही नुसते खिडकीत बसून राहिलात, संध्याकाळपर्यंत, आणि काहीही बोलला नाहीत. त्या पाचव्या दिवसाला मी घाबरले. सहाव्या दिवशी नळ गळायला लागला.

शिपायाचंही तेच असणार. दर वर्षी तीन म्हातारे लांबून येतात, त्यांना वाटायला हवं की आपल्यावाचून अडलं होतं. बिचारा पाहुण्यांची मनं राखतो. आणि तुम्ही त्याचं झाकण ठोकून बंद केलंत.

रागावणार असाल तर सावकाश रागावा. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची असते, आठवेल तेव्हा नाही.

तुमची,
मंगळवारची गुन्हेगार

*

शाळा,
ता. १५ फेब्रुवारी

पत्र मिळालं.

म्हणजे तीन वर्षांत मी कोणाचं काहीच दुरुस्त केलेलं नाही.

गोळी घेतली.

*

घर,
ता. १९ फेब्रुवारी

अहो,

तुमच्या तीन ओळी आल्या. त्यात अक्षर चांगलं होतं, म्हणजे फार लागलेलं आहे.

मी माफी मागणार नव्हते. पण शनिवारी काय झालं ते सांगते. सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरातला नळ उडाला. मी हात लावलेला नव्हता, शपथ घेते. नळाचा वरचा भाग सुटून थेट छतावर आदळला आणि पाणी असं उसळलं की मी, ओटा, कणीक, सगळं एका मिनिटात न्हाऊन निघालं. समोरच्या काकू धावत आल्या आणि दारात उभं राहून "अगंबाई" म्हणत राहिल्या. त्यांचा तेवढाच उपयोग झाला.

मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. खाली येऊन बघितलं तर नळाचे आटे पार झिजलेले. का झिजणार नाहीत? तीन वर्षं मी दर महिन्याला सोडतेय आणि तुम्ही आवळताय. मग दुकानात जाऊन नवा नळ आणला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि बसवला. पहिल्यांदा टेप उलटी गुंडाळली, गळला. दुसऱ्यांदा बरोबर. तुम्हाला इतक्या वेळा मागून बघितलंय, नुसतं उभं राहून, की हाताला आपोआप ठाऊक होतं.

मग मी हात धुतले, नॅपकिनला पुसले, आणि तुमच्यासारखीच मोठ्याने म्हणाले, "झालं काम." काकू तोवर निघून गेल्या होत्या. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

तेव्हा मला रडू आलं, अहो. नळापायी नाही. तुम्ही अकरा वाजता हात पुसत "झालं काम" म्हणायचात, मी ताट वाढायचे आणि तुम्ही जेवताना बोलायचात. बिघाड मी केलेला असेल, पण तेवढ्यापुरते तुम्ही दुरुस्त होऊन पानावर बसायचात, आणि ते खरं होतं. मला तेवढंच हवं होतं.

आता त्या शिपायाशी बोला. नुसता सुस्कारा सोडू नका. तोंड उघडून बोला.

तुमची,
ओली झालेली

*

शाळा,
ता. १ मार्च

प्रिय नळवालीस,

हे पत्र उद्याच्या टेम्पोने पुढे येईल. आम्ही बुधवारी निघतो. सगळं सविस्तर लिहितो, कारण घरी आल्यावर तू मला मध्येमध्ये तोडशील.

तुझं पत्र वाचून मी रविवारी सकाळी शिपायाकडे गेलो. मधले पंधरा दिवस मी अंग दुखतंय म्हणून रंगाऱ्याच्या शेजारी बसून भिंतीचा एकच कोपरा रंगवत होतो. शिपाई हापशापाशी उभा होता, रोज उभा राहतो तसा. मी म्हटलं, "हे सगळं तुम्हीच सैल करता ना? आम्हा म्हाताऱ्यांची मनं राखायला?"

तो आधी घाबरला, मग त्याला हसू फुटलं. म्हणाला, "तुमची मनं राखायला वेळ कुणाला आहे, साहेब?"

तू निम्मंच ओळखलं होतंस. बिघाड आमच्यासाठी नव्हतेच. त्या सात पोरांसाठी होते. शहरात हत्यारांचं काम शिकवणारं एक केंद्र आहे. तिथे प्रवेश मिळायला आपल्या हाताने खरीखुरी दुरुस्ती केल्याचा दाखला लागतो, आणि त्याच्यावर बाहेरच्या जाणत्या कारागिराची सही लागते. शिपायाची चालत नाही. तो या पोरांना वर्षभर शिकवतो. बिघाड चढत्या क्रमाने तोच लावतो, पहिले पाच शिकाऊंसाठी, शेवटचे हुशारांसाठी. मोठा पाना देतो, म्हणजे साहेब वैतागून म्हणतील, "अरे, कोणीतरी नीट द्या रे," आणि पोरं पुढे येतील. दर वर्षीचे पाहुणे कंटाळतात, चहाला बसतात, आणि पोरं काम करतात. यंदा त्याच्या नशिबी मी आलो. चहालासुद्धा न उठणारा.

पंधरा बिघाड मी एकट्याने खाल्ले. उरलेले आठ त्याने मी रंगवत बसलो होतो तेव्हा प्लंबरच्या हाताखाली उरकून घेतले, म्हणून सहाजणांचं भागलं. प्लंबर दोन वेळा चहाला उठतो, त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. राहिली एक चष्मेवाली. तिच्या वाट्याला हापसा होता. सगळ्यात अवघड काम, सगळ्यात हुशार पोरगी. वर्षभर ती त्या हापशाची तयारी करत होती. आणि तो हापसा मी ठोकून बंद केला.

मी विचारलं, "मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? कापून का नाही काढलंत?"

"पाहुण्याचं काम पाहुण्यासमोर कसं कापायचं?" तो म्हणाला. "आणि करवत तुमच्याच पेटीत आहे, कुलपात." मग म्हणाला, "एक सांगू का साहेब? काम झ्याक आहे. पण हा वॉशर वर्षभरात फाटणारच. झाकण उघडलं नाही तर तो बदलायचा कसा?"

छत्तीस वर्षं मेंटेनन्स खात्यात काढली गं मी. आणि हे मला बिनवहाणेच्या माणसाने सांगावं लागलं. लाजेने मान वर होईना.

पेटी उघडली. लोखंड कापायची करवत काढली आणि माझेच चार बोल्ट कापायला बसलो. दोन दिवस लागले, पाच पाती मोडली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि इतक्या शिव्या कुठल्या कामाला दिल्या नव्हत्या. शिपाई शेजारी बसून पाती बदलून देत होता. शेवटचा बोल्ट निघाल्यावर मी तेराचा पाना मागितला. त्याने तेराचा दिला.

मंगळवारी परीक्षा झाली. शिपायाने आदल्या दिवशी माझा नवा वॉशर काढून कुठलासा फाटका आत बसवला, नवे बोल्ट लावले. पोरगी पाने घेऊन आली. मी शेजारी स्टूल टाकून बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिने झाकण उघडलं, दांडा वर ओढला, जुना वॉशर काढला, नवा घातला. उलटा. वाटीसारखा असतो तो, तोंड वर हवं, तिने खाली केलं. मला दिसलं. शिपायाला दिसलं. प्लंबर तोंड उघडणार, तेवढ्यात रंगाऱ्याने त्याच्या पायावर पाय दिला. तिने झाकण बंद केलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि हापसा मारला. नुसती हवा. वीस वेळा मारला. सगळी शाळा भोवती, आणि एक थेंब नाही.

तुला सांगतो, कारखान्यात बॉयलर फुटायच्या बेतात असताना माझा जीव इतका वरखाली झाला नव्हता. जीभ दातांखाली धरून बसलो. पोरीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग ती खाली बसली आणि चारही बोल्ट पुन्हा सोडायला लागली.

दुसऱ्या वेळी अकराव्या हापशाला पाणी आलं. तिने हात धुतले, फ्रॉकला पुसले. म्हणाली काही नाही, नुसती शिपायाकडे बघत राहिली. म्हणून मीच म्हटलं, "झालं काम." मग मात्र टाळ्या झाल्या. दाखल्यावर मी अशी सही केली की कागद फाटायचा राहिला.

आता मंडळाचा अहवाल. सेक्रेटरींचा छापील फॉर्म असतो. प्रश्न, 'शाळेची देखभाल समाधानकारक आहे का?' 'हो' लिहिलं तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही आणि पोरांचे दाखले बुडतील. 'नाही' लिहिलं तर खोटं. अर्धा दिवस विचार केला. मग लिहिलं, 'शाळा दर वर्षी अशीच मोडकळीला आलेली सापडेल, याची मी वैयक्तिक खात्री देतो.' ह्यात एक अक्षर खोटं नाही.

पुढचा प्रश्न, 'पुढील वर्षी कोणत्या कारागिराची गरज आहे?' शिपाई एकटा पडतो गं. चोवीस बिघाड, रोजची घंटा, शिवाय शिकवणं. तेव्हा मी लिहिलं, 'एक बाई. कौशल्य: सैल करणे. अनुभव: तीन वर्षं, आणि एकदाही पकडल्या गेल्या नाहीत.' खाली आपला पत्ता दिलाय.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला घरी पोचेन. मी रागावलेलो नाही. होतो, पण तो पाच पात्यांबरोबर मोडला. तू केलंस ते मला कळलं. पाचवा दिवस मलाही आठवतो.

एक मागणं आहे. मी येईपर्यंत काहीतरी बिघडवून ठेव. पण या वेळी जरा अवघड.

तुझा,
चोविसाव्या नंबरावर नापास झालेला

*

(दाराला बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी)

शुक्रवार, ता. ८ मार्च

अहो,

घंटी वाजवू नका, वाजणार नाही. किल्ली फिरवू नका, फिरणार नाही. मी आत आहे. ही चिठ्ठी दाराखालून सरकवून काकूंकडून बाहेर चिकटवून घेतली आहे.

तुमचं पत्र सोमवारी आलं आणि सेक्रेटरींचा माणूस काल. मी हो म्हटलं. पण माझ्या अटी आहेत. पोत्यांवर मी बसणार नाही, तुम्ही बसा. शिपायांना गोगलगाय म्हणायचं नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. आणि मुलांच्या मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. ती चष्मेवाली केंद्रात गेली की तिचं पत्र तिथल्या पत्त्यावरून माझ्या नावाने यायला हवं, तसं तिला सांगून आला नसाल तर लिहा.

आता दाराचं. कुलपाची आतली पट्टी मी काढायला गेले, अवघड करायचं म्हणून. ती मध्येच अडकली. आता ती माझ्याच्यानेही निघत नाही. म्हणजे अर्धा बिघाड मी केलेला आहे आणि अर्धा खरा आहे, आणि कुठला कुठून सुरू होतो ते मलाही सांगता येणार नाही.

पेटी खाली ठेवा. तुम्ही बाहेरून सुरू करा, मी आतून करते. तेराचा लागेल. माझ्याकडचा तेराचा दाराखालच्या फटीतून सरकवते आहे.

पानं वाढलेली आहेत.